कनकवेलीचे ठसे

छापखान्यात दोन गोष्टी न सांगता साचतात. एक रद्दी आणि दुसरे किस्से. रद्दी निदान दिवाळीच्या आधी पोत्यात भरून किराणावाल्याकडे जाते. किस्से कोण नेणार? ते आपले कोपऱ्यात पडून राहतात. मग आमच्यापैकी दोघं कुठे लग्नात-बिग्नात भेटले, की लगेच कुणीतरी म्हणतं, "तो बाजेचा किस्सा सांग ना!"

आमचा छापखाना नांदुऱ्याला, स्टेशनच्या रस्त्यावर. महाराष्ट्र नवा नवा झाला होता, जिल्हा परिषदेच्या पाट्यांचा रंगही पुरता वाळला नव्हता, तेव्हाच्या या गोष्टी. मालक म्हणजे भाऊ. ते माझे सख्खे मामा, पण प्रेसमध्ये सगळे भाऊ म्हणत म्हणून मीही भाऊच म्हणायची. मी मॅट्रिक झाले होते आणि लग्न काही ठरत नव्हतं. घरी बसून काय करशील, म्हणून भाऊंनी मला प्रूफं वाचायला बसवलं. छपाईचे खिळे जुळवायला दिगूकाका होते. त्यांचे हात इतके भरभर चालत, की डोकं मागून येई! आणि आणखी एक होता उत्तम. खरं तर बहुतेक किस्से त्याच्यापासूनच सुरू होतात.

*

उत्तम वडनेर भोलजीचा. तिथल्या बौद्ध वस्तीत मॅट्रिक झालेली पोरं तेव्हा फार नव्हती, त्यातला हा एक. एक दिवस सायकल मारत आला, जयंतीचं पोस्टर छापून घ्यायला. 'जयंती' हा शब्द त्याला चांगला वीतभर उंच पाहिजे होता. भाऊंकडे पोस्टरची मोठी लाकडी अक्षरं होती, पण त्यातला 'ज' कधीचाच फुटलेला.

"ज नाही बा माह्याकडे," भाऊ म्हणाले. "दुसरा एखादा शब्द सांग."

"जयंतीले दुसरा शब्द कुठून आणू भाऊ?" असं म्हणून तो गेला.

दुसऱ्या दिवशी आला तो पिशवीतून लाकडाचा 'ज' काढतच! उलटा कोरलेला, बाकीच्या अक्षरांच्या बरोबर उंचीचा. भाऊंनी तिथल्या तिथे शाई लावून कागदावर उमटवला. बाकीची अक्षरं त्याच्याशेजारी म्हातारी दिसायला लागली.

"हे कुठी शिकला बे?"

"कुठीच नाही. लाकूड होतं, छिन्नी होती अन् ऐतवार होता!"

पोस्टर छापून झालं. भाऊंनी कागद मोजून दिले आणि म्हणाले, "जयंती तुमची. पण हा ज माह्याकडे राहू दे. अन् ज करणारा बी राहू दे!"

असा उत्तम आमच्याकडे राहिला. त्याच्या वडिलांना मात्र हे पसंत नव्हतं. ते कापसाच्या जिनात सरकीची पोती उचलत. पोरानं जिल्हा परिषदेत कारकून व्हावं, खुर्चीवर बसावं, हे त्यांनी कधीचं ठरवून टाकलेलं. "शिकवलं ते काय लाकडं तासायले?" असं ते घरी म्हणतात, हे उत्तमच आम्हाला हसत हसत सांगायचा. पण सांगून झालं की बराच वेळ मान वर करायचा नाही.

*

आता पुस्तकाचं. भाऊंच्या आईला, म्हणजे माझ्या आजीला, एक जुनं आख्यान पाठ होतं. राणी कनकवेलीचं. राजा कुणाच्या तरी खोट्या सांगण्यावरून राणीला वनात सोडतो, ती सापावाघातून, राक्षसातून निभावते आणि शेवटी भरदरबारात उभी राहून आपलं खरं ते सांगते, अशी ती गोष्ट. आजी गेली आणि अर्ध्याच ओव्या भाऊंच्या कानात राहिल्या. हे आख्यान छापायचं, आणि चित्रांसकट छापायचं, हे भाऊंचं स्वप्न.

चित्रांचे जस्ताचे ब्लॉक बाहेरगावाहून करून आणावे लागणार, असं भाऊ धरून चालले होते. त्यांनी घरातली एक जुनी, उंदरांनी कुरतडलेली पोथी नमुना म्हणून आणली. तिच्यात तळहाताएवढी चित्रं होती. उत्तमनं भिंग लावलं आणि बराच वेळ काढलंच नाही.

"भाऊ, हे जस्ताचं काम नव्हे. हे लाकूड हाय. जे कोरलं ते पांढरं उमटलं, जे राह्यलं ते काळं. पाहा ना, अंधारातून कोरून काढली हाय ही बाई!"

"तुले जमते काय हे?"

"लाकूड द्या."

पण लाकूड कुठलं? अशा बारीक कामाला साग चालत नाही, रेघ चिरते. हळदू लागतो. पिवळट, गुळगुळीत, ज्याच्या फण्या करतात तो. त्याचे आडवे काप पाहिजेत, आणि तेही वर्षानुवर्षं वाळलेले. भाऊ आणि उत्तम थेट सातपुड्याच्या पायथ्याशी, संग्रामपूरच्या बाजारात जाऊन आले. तिथला सुतार म्हणाला, "हळदू भेटीन, पण ओला. वाळला पाहिजे असीन तर लोकाइच्या घरात पाहा. जुन्या बाजेचे खूर हळदूचे असते."

हे ऐकल्याबरोबर दिगूकाका बोलून गेले, "माह्या बाजेचे खूर हळदूचेच हायेत की! आज्याच्या वेळचे."

बोलले आणि फसले! उत्तमनं एक खूर, म्हणजे बाजेचा पाय, मागितला. काकांनी बाजेखाली विटा लावल्या आणि खूर आणून दिला. उत्तमनं त्याचे चकतीसारखे काप केले, ते घासून काचेसारखे केले, आणि त्यांवर स्वयंवराचा मांडव कोरला. असा सुंदर उतरला की काका दुसऱ्या दिवशी स्वतःहून दुसरा खूर घेऊन आले. त्याचा राजवाडा झाला. तिसऱ्याचं वन झालं. काकू तेव्हा माहेरी होत्या म्हणून हे चाललं.

काकू आल्या, बाज पाहिली, आणि पिशवी हातात तशीच ठेवून प्रेसमध्ये हजर! "राणीले राजवाडा अन् आमाले इटा?"

काका खिळ्यांच्या खणात तोंड घालून उभे. काकूंनी टेबलावरचं प्रूफ उचललं, राजवाड्याच्या खांबांकडे निरखून पाहिलं. "हे माहेच खूर काय?"

"हाव," काका खालच्या मानेनं म्हणाले.

काकूंनी पुन्हा पाहिलं. मग पिशवी खाली ठेवली आणि उत्तमला म्हणाल्या, "चौथा बी घेऊन जाजो बाबू. एकाले ठेवून मी काय त्याची पूजा करू? अन् तेवढ्यानं नाही पुरलं, तर आमच्या ह्यायले घेजो. हे बी चांगले वाळेल हायेत!"

*

आख्यान म्हटलं की पहिल्या पानावर गणपती आलाच. उत्तमनं भाऊंना सरळ सांगितलं, "भाऊ, राणी कोरतो, राजा कोरतो, राक्षस म्हणसान तर तो बी कोरतो. पण देवाचं चित्र मी नाही कोरणार. दीक्षा घेतली तवा आमी तसं कबूल केलं हाय."

दिगूकाका पुटपुटले, "बिनागणपतीचं आख्यान असते काय?"

भाऊंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "ज्यानं जे कबूल केलं, ते त्यानं पाळावं. गणपती हाय ना आपल्याकडे!" असं म्हणून त्यांनी खणातून लग्नपत्रिकांचा गणपती काढला. बिचारा इतक्या लग्नांत उभा राहिलेला, की त्याचा एक कान झिजून गेला होता.

दिगूकाकांनी तो पानावर बसवला, खाली पहिल्या ओव्या जुळवल्या आणि प्रूफ माझ्याकडे आलं. मी वाचायला घेतलं, आणि मला ठसकाच लागला. गणपतीच्या खाली ठळक अक्षरांत होतं: "आमचे येथे श्रीकृपेकरून"!

"काका, हे काय?"

काकांनी वाकून पाहिलं. "बाप्पा! गणपती दिसला की हात तेच जुळवते बाई. हात माहा म्या थोडीच शिकवला, लग्नसराईनं शिकवला!"

उत्तम तर हसून हसून खाली बसला. भाऊ म्हणाले, "काढा ते. नाही तर लोक विचारतीन, जेवाले कवा याचं?"

*

उरलेल्या अर्ध्या ओव्या मंजुळामायकडून मिळाल्या. ती मूळची लोणारकडच्या सुलतानपूरची, लेकीकडे नांदुऱ्याला राहायला आलेली. दुपारची प्रेसमध्ये यायची, बाकावर मांडी घालून बसायची आणि डोळे मिटून म्हणायची. मी लिहून घ्यायची. एखादी ओळ सुटली आणि मी "माय, पुन्हा म्हण" म्हटलं, की ती पार स्वयंवरापासून सुरू करायची!

"माय, मधूनच म्हण ना."

"गाडी टेशनातूनच सुटते बाई. मधात वावरातून सुटते काय कधी?"

एकदा तिला भावाच्या नातवाच्या बारशाला सुलतानपूरला जायचं होतं. मेहकरची एस.टी. दुपारची होती. आम्ही वनवासात होतो, राणी एकटी जंगलात, अंगावर फाटकं लुगडं, समोर वाघ. भाऊ म्हणाले, "माय, गाडीची वेळ झाली."

माय उठायला तयार होईना. "राणीले जंगलात एकटी टाकून मी बारशाले जाऊ? तिले ऋषीच्या झोपडीत पोचवल्याबिगर मधात थांबता येत नाही. पाप लागते."

शेवटी मी कागद घेऊन तिच्याबरोबर निघाले. रस्ताभर ती म्हणतेय, मी चालत चालत लिहितेय. स्टँडवर गाडी लागलेली. मायला खिडकीशी बसवलं, तरी राणी जंगलातच! मी खाली उभी, खिडकीतून ऐकतेय, गाडीच्या पत्र्यावर कागद टेकवून लिहितेय. हळूहळू गाडीतली बडबड बंद झाली. मागच्या सीटवरच्या बायका पुढे सरकल्या. एक शेंगावाला टोपली खाली ठेवून उभा राहिला.

कंडक्टरनं घड्याळ पाहिलं आणि घंटीच्या दोरीला हात घातला. तशी पागोटेवाला एक म्हातारा त्याच्यावर खेकसला, "थांब बे! बाई जंगलात हाय, दिसत नाही काय तुले?"

कंडक्टरनं हात खाली घेतला. ड्रायव्हरही मान वळवून बसला. वाघ मागे फिरला, राणीला दूर दिवा दिसला, ऋषीची बायको दारात आली, तिनं राणीला आत घेतलं. मायनं डोळे उघडले आणि पदरानं तोंड पुसलं.

कंडक्टर अगदी हळू आवाजात म्हणाला, "माय, दार लावलं का तिनं आतून? मारू घंटी?"

*

चित्रातल्या राणीच्या लुगड्याच्या चुण्या उत्तमला जमेनात. पळणाऱ्या बाईचं नऊवारी कुठे ओढलं जातं, कुठे सुटतं, हे त्याला प्रत्यक्ष पाहायचं होतं. मामी म्हणाली, "आमची सुमन उभी राहीन की!" सुमन म्हणजे मी. प्रेसच्या मागे भाऊंचं घर, अंगणात कडुलिंब. मामीनं मला नऊवारी नेसवलं. सापाला पाहून राणी दचकते तो प्रसंग होता. मंजुळामाय ओट्यावर बसून हुकूम सोडत होती, "पाय वर घे! आनखी! डोये मोठे कर! जिवाची भीती हाय तुले, पापडाले कावळा आला अशी काऊन पाह्यतं?"

मी एक पाय वर घेऊन, एका हातानं फांदी धरून, डोळे वटारून उभी. उत्तम दूर स्टुलावर कागद घेऊन बसलेला.

आणि नेमके तेव्हाच मलकापूरहून मला पाहायला पाहुणे आले! ते यायचे होते संध्याकाळी, पण त्यांना आधीची पॅसेंजर मिळाली. दारात कुणी दिसेना म्हणून थेट मागच्या अंगणात आले. पुढे मुलगा होता. त्यानं माझी ती अवस्था पाहिली मात्र, कोपऱ्यातली धुण्याची काठी उचलली आणि धावतच आला! कडुलिंबाच्या बुंध्याभोवती दणादण काठी आपटायला लागला. मला पाय खाली घ्यावा की तसाच ठेवावा ते कळेना.

"साप कुठी हाय?" तो धापा टाकत ओरडला. "कुठी गेला?"

मंजुळामाय ओट्यावरूनच म्हणाली, "पाचव्या अध्यायात हाय बापू! टेक तू जरा, पाणी पी!"

पुढे सुगीत आमचं लग्न झालं. ते पाणी मीच नेऊन दिलं होतं, नऊवारी सावरत, आणि ते घेतानाही आमचे हे काठी खाली ठेवायला विसरले होते.

*

राक्षसाचा चेहरा उत्तमनं कुठून घेतला ते त्यानं कधी सांगितलं नाही. ठसा छापून झाला तेव्हा भाऊंनी तो भिंतीला लावला. बाहेर आलेले डोळे, फेंदारलेल्या मिशा, कपाळावर उभी शीर. सगळ्यांना ओळखीचा वाटे, पण नाव आठवेना.

भाऊ म्हणाले, "हा आपला जिनवाला शेठ वाटते. मजूर उशिरा आले की असाच दिसते."

दुपारी शेठ पावत्या छापायला आला. त्यानं राक्षसाकडे पाहिलं, भाऊंकडे पाहिलं, आणि उगाच छताकडे पाहत बसला. दिगूकाका खोकत बाहेर गेले. मला प्रूफात एकाएकी फार काम निघालं.

इतक्यात मामी डबा घेऊन आली. भिंतीकडे नजर गेली तशी तिनं डोक्यावर पदर घेतला. "अगोबाई! हे फोटोले कवा बसले होते?"

त्या दिवशी मशीन मध्येच बंद पडलं, रोजच्यासारखी शाई सांडली, जुळवलेल्या खिळ्यांचा एक फर्मा जमिनीवर विस्कटला. एरवी एवढ्यावर प्रेस डोक्यावर घेणारे भाऊ शांत! दिगूकाका माझ्या कानात म्हणाले, "उत्तमले सांगजो, ते चित्र जन्मभर उतरवू नको म्हणा!"

*

पुस्तक निघालं. दुकानात ठेवून कोण घेणार, म्हणून आम्ही बाजारोबाजार चादर अंथरून बसायला लागलो. संग्रामपूरच्या बाजारात एक बाई आली. डोक्यावर भाजीची पाटी, ती विकून रिकामी झालेली. चादरीशी उकिडवी बसली आणि पानं उलटायला लागली. वाचता येत नव्हतं, पण चित्रापाशी थांबायची, बोट फिरवायची. स्वयंवर झालं. राजवाडा झाला. मग वन आलं. काळंभोर रान, आणि मधोमध पांढऱ्या रेघांतली एकटी राणी.

बाईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. पुस्तक मिटून तिनं परत ठेवलं. "नको बाप्पा. रडायले घरी काय कमी हाय!" आणि गेली.

पुढच्या बाजारी पुन्हा आली. यावेळी बसली नाही, उभ्यानंच विचारलं, "सुटली का मंग ते बाई?"

मी शेवटचं चित्र उघडून दाखवलं. दरबार भरलाय, राणी ताठ मानेनं उभी, राजाची मान खाली. बाईनं ते पोटभर पाहिलं. मग कमरेची चंची सोडत म्हणाली, "द्या. पण ते जंगलाचं पान दुमडून द्या. मी घरी नेऊन हळूच उघडीन."

*

बहुतेकांचं बरंच झालं म्हणायचं. दिगूकाकांना भाऊंनी नवी बाज करून दिली, तिचे खूर सागाचे. "सागावर झोप येत नाही," अशी त्यांची कुरकूर शेवटपर्यंत चालू होती. मंजुळामायच्या नातीनं ते पुस्तक तिला वाचून दाखवलं, तर ती म्हणाली, "हे तर मलेच येते, नवीन काय?" आणि उशाशी घेऊन झोपली. उत्तम कारकून झाला नाही. चित्रकलेच्या परीक्षा देऊन तो हायस्कूलात ड्रॉइंग मास्तर झाला. सुट्टीत मात्र छिन्न्या घेऊन प्रेसमध्ये यायचाच.

पण तो कारकून कसा झाला नाही, हे सांगायचं राहिलंच. पुस्तक निघायच्या आधीची गोष्ट. शेवटचं, दरबाराचं चित्र तेवढं हातात होतं. वाळूच्या पिशवीवर ठसा ठेवून उत्तम कोरत बसलेला.

आधी दारातून आवाज आला. कर्र, कर्र, कर्र. मग माणूस आला. स्वच्छ पांढरं धोतर, पांढरी टोपी, पायात नव्या कोऱ्या, करकरणाऱ्या चपला. उत्तमचे वडील. त्या चपला घालूनच ते पायरी चढले, उंबरा ओलांडला आणि सरळ आमच्या मधोमध येऊन उभे राहिले. दिगूकाकांची नजर त्यांच्या पायांकडे गेली, तिथून भाऊंकडे गेली. भाऊंनी उठून स्वतःच्या हातानं स्टूल पुढे सरकवलं. "या दादा, बसा."

"बसाले नाही आलो. उद्या बुलढाण्याले साहेबानं बोलावलं हाय. पोराले न्यायले आलो."

उत्तम उभा राहिला. "बाबा, एवढं चित्र पुरं होऊ द्या."

"चित्रानं पोट भरते काय?"

भाऊंनी आदल्या दिवशीचं कच्चं प्रूफ उचलून त्यांच्या हातात दिलं. "पाहून तर घ्या दादा. मंग न्या."

त्यांनी प्रूफ डोळ्यांजवळ नेलं, दूर नेलं. उत्तमनं भिंग पुढे केलं. भिंगातून ते एकेक पाहायला लागले. राजा. राणी. खांब. पहारेकरी. मग भिंग एका जागी थांबलं.

"हा राजाच्या पुढं बसला, तो कोण हाय?"

"तुमी," उत्तम म्हणाला.

दिगूकाकांचा खिळे वेचणारा हात थांबला.

"मी?"

"हाव बाबा."

"राजापुढं?"

"हाव."

"अन् हे पायात काय हाय?"

"चपला."

म्हातारा किती तरी वेळ भिंगात पाहत राहिला. मग भिंग खाली घेतलं आणि स्वतःच्या पायांकडे पाहिलं. "वाजते का?"

उत्तम गोंधळला. "लाकडात कशी वाजीन बाबा?"

"ते मले नको सांगू. तुले कोरता येते ना?" असं म्हणून ते स्टुलावर बसले.

उत्तमनं ठसा पुन्हा वाळूच्या पिशवीवर घेतला. सगळ्यात बारीक छिन्नी निवडली. दरबाराच्या काळ्या फरशीवर, त्या माणसाच्या टाचेजवळ, श्वास धरून त्यानं दोन रेघा ओढल्या. केसाएवढ्या. ठसा पुसला, शाई फिरवली, कागद दाबला आणि ओलं प्रूफ वडिलांपुढे धरलं.

त्यांनी भिंग लावलं. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे पाहत होतो.

"हं," ते म्हणाले. "आता वाजली!"